‘अकाउंट फॉर’चा हिशेब

गेल्या वर्षी उन्हाळ्यात विहिरींच्या पाण्याचे नमुने घ्यायला फिरत होते, तेव्हाची गोष्ट. माझा विषय भूजलातलं नायट्रेट. शेतात पडलेलं युरियासारखं खत पिकानं सगळं उचललं नाही, तर उरलेला नायट्रोजन नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली झिरपतो आणि विहिरीत येतो. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालतं, असं आपलं भारतीय मानक सांगतं. त्याहून जास्त असलं तर धोका मुख्यतः तान्ह्या बाळांना. त्यामुळे माझ्या आकड्यांमध्ये गावातल्या लोकांना रस होता आणि तो असायलाच हवा.

माझ्या सहामाही अहवालात एक वाक्य होतं. ते इंग्रजीत असं: ‘फर्टिलायझर यूज अकाउंट्स फॉर थर्टी पर्सेंट ऑफ द व्हेरिएशन इन नायट्रेट.’ आकडा अजून प्रकाशित व्हायचा आहे, म्हणून इथे गोल करून तीस धरू या. एका शेतकरी काकांनी विचारलं, “ताई, काय निघालं आमच्या पाण्यात?” मी हेच वाक्य पटकन मराठीत सांगितलं: “तुमच्या विहिरींमधल्या नायट्रेटला तीस टक्के रासायनिक खत जबाबदार आहे.”

काकांनी दोन प्रश्न विचारले. पहिला: “मग सत्तर टक्के कुणाच्या अंगावर?” दुसरा: “आन खत निम्मं केलं, तर पंधरा टक्के उतरंल का?”

मी म्हणाले, “हो, साधारण तसंच.”

काका म्हणाले, “पंधरा टक्क्यासाठी पीक कशाला मारायचं मग?”

त्यांचं गणित बरोबर होतं. माझं वाक्य चूक होतं. खरं सांगायचं तर माझं उत्तर निव्वळ चुकीचं होतं, आणि ते चुकीचं का, हे मला प्रवासात परत येताना कळलं. आजचा लेख त्याच वाक्यातल्या क्रियापदाबद्दल आहे. शोधनिबंध वाचताना हे तुम्हाला पानोपानी भेटणार आहे आणि ते एकाच वेळी दोन-तीन अर्थ खिशात घेऊन फिरतं.

एक क्रियापद, चार कामं

शाळेत आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत फ्रेजल व्हर्ब्स आपण जोड्या लावा पद्धतीनं शिकतो. डावीकडे ‘अकाउंट फॉर’, उजवीकडे ‘स्पष्टीकरण देणे’. एका क्रियापदाला एक अर्थ, पाठ केला, झालं. माझी पहिली तक्रार या पद्धतीबद्दल आहे, कारण विज्ञानाच्या लिखाणात हे क्रियापद निदान चार कामं करतं.

पहिलं काम, उलगडा करणं. एखादी गोष्ट अशी का घडली, हे सांगणं. ‘हा सिद्धांत या निरीक्षणाचा उलगडा करतो.’

दुसरं, वाटा असणं. एकूणात किती भाग अमुक गोष्टीचा, एवढंच. ‘हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे’ हे सांगायला इंग्रजीत सर्रास हेच क्रियापद वापरतात.

तिसरं, मोजदाद लागणं. ४८ बाटल्या घेऊन निघालो, प्रयोगशाळेत ४५ पोचल्या, तर तीन बाटल्या ‘नॉट अकाउंटेड फॉर’. म्हणजे त्यांचा पत्ता नाही. अपघातानंतर ‘सगळे प्रवासी अकाउंटेड फॉर’ असं म्हणतात ते याच अर्थानं.

चौथं, जमेस धरणं. ‘आफ्टर अकाउंटिंग फॉर एज’ म्हणजे वयामुळे पडणारा फरक हिशेबात घेऊन, तो बाजूला काढल्यावर.

चारही अर्थांचं मूळ एकच आहे. ‘अकाउंट’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि त्याच्या मागे मोजणे या अर्थाचा लॅटिन शब्द आहे, ज्यातून ‘कॉम्प्युटर’ही आला. म्हणजे मुळात हा हिशेब आहे. गंमत म्हणजे मराठीतला हिशेबही असाच पसरलेला आहे. हिशेब लागतो, हिशेब जुळतो, हिशेबात धरतो, हिशेब द्यावा लागतो. फरक एवढाच, की मराठीत आपण शेजारचं क्रियापद बदलतो, त्यामुळे कुठला हिशेब ते कळतं. इंग्रजीत चारही ठिकाणी तोच ‘अकाउंट फॉर’.

तिसऱ्या अर्थानं सहसा गोंधळ होत नाही. घोळ पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्यात आहे. ते एकेक करून पाहू.

वाटा म्हणजे उलगडा नव्हे

हवेचंच उदाहरण घेऊ. नायट्रोजनचा वाटा ७८ टक्के आणि कार्बन डायऑक्साइडचा ०.०४ टक्क्याच्या आसपास. पण हरितगृह परिणामाचा उलगडा करायचा, तर नायट्रोजन जवळपास निरुपयोगी. पृथ्वीवरून बाहेर जाणारी उष्णता मुख्यतः पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड शोषतात. कुणाचा वाटा किती मोठा, यावरून कुणाचं काम किती, हे ठरत नाही.

आता याच हवेतली दुसरी गोष्ट. ती मला फार आवडते, कारण तिच्यात दोन्ही अर्थ एका ठिकाणी भेटतात. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला लॉर्ड रॅली वायूंची घनता अतिशय काळजीपूर्वक मोजत होते. हवेतून इतर घटक काढून उरलेला नायट्रोजन आणि रासायनिक संयुगांपासून तयार केलेला नायट्रोजन, यांची घनता जुळेना. हवेतला नायट्रोजन जवळपास अर्ध्या टक्क्यानं जड निघत होता. अर्धा टक्का म्हणजे कुणीही ‘एक्स्परिमेंटल एरर’ म्हणून सोडून दिला असता. रॅलींनी सोडला नाही. १८९२ मध्ये त्यांनी ‘नेचर’ला पत्र लिहून हा फरक मांडला आणि रसायनशास्त्रज्ञांकडे मदत मागितली. संयुगातल्या नायट्रोजनमध्ये एखादा हलका वायू मिसळलाय का, हेही तपासून पाहिलं. तसं नव्हतं.

पुढे विल्यम रॅमसे या कामात आले आणि १८९४ मध्ये दोघांनी हवेत एक नवा वायू असल्याचं जाहीर केलं. तो आर्गॉन. आता हिशेब मांडून बघा. हवेत आर्गॉन ०.९३ टक्के आहे. रॅली ज्याला नायट्रोजन समजत होते त्या मिश्रणात तो साधारण १.२ टक्के येतो. आर्गॉनचं वजन ४०, नायट्रोजनच्या रेणूचं २८, म्हणजे आर्गॉन सुमारे ४३ टक्क्यांनी जड. १.२ टक्क्याचे ४३ टक्के काढा. उत्तर अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतं. फरक तेवढाच होता.

इथे ‘आर्गॉन अकाउंट्स फॉर ०.९३ पर्सेंट ऑफ एअर’ हा वाटा झाला. ‘आर्गॉन अकाउंट्स फॉर द डिफरन्स’ हा उलगडा झाला. वाट्यावरून उलगड्यापर्यंत जाताना मध्ये एक पायरी लागली: आर्गॉन किती जड आहे आणि म्हणून मिश्रणाची घनता किती वाढेल. ही मधली पायरी, म्हणजे यंत्रणा, जिथे दाखवलेली असते तिथेच पहिला अर्थ वापरायचा हक्क मिळतो. बाय द वे, हेन्री कॅव्हेंडिश यांना १७८५ मध्येच हवेच्या प्रयोगात शेवटी एक छोटा बुडबुडा उरलेला दिसला होता. त्यांनी तो मोजला, नोंदवला, नायट्रोजनच्या १/१२० भागापेक्षा जास्त नाही असं लिहिलं. वाटा त्यांच्या हाती होता. उलगडा व्हायला शंभरहून जास्त वर्षं गेली.

उलट टोकाचं उदाहरण आजचं आहे. विश्वातल्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे ६८ टक्के वाटा डार्क एनर्जीचा, असं आपण वाचतो. तिथेही हेच क्रियापद असतं. पण डार्क एनर्जी नेमकी काय आहे, याचा उलगडा कुणाकडेही नाही. ६८ टक्क्यांचा वाटा ठाऊक आहे, आणि त्याच गोष्टीचा थांगपत्ता नाही.

तफावतीचा वाटा म्हणजे काय

आता माझ्या वाक्याकडे येऊ. तिथे नुसता वाटा नव्हता, ‘तफावतीचा’ वाटा होता. संख्याशास्त्रात ज्याला व्हेरिअन्स म्हणतात, त्यातला किती भाग मॉडेलनं पकडला, ते आर-स्क्वेअर सांगतो. ०.३० आलं, की आपण लिहितो: अमुक गोष्ट तीस टक्के तफावतीला ‘अकाउंट फॉर’ करते. आणि बोलताना ‘तफावत’ हा शब्द गळतो. मी तोच गाळला होता. “नायट्रेटमधल्या तफावतीचा तीस टक्के भाग” याचं “तीस टक्के नायट्रेट” झालं.

हा फरक बारीक वाटतो का? मग असं गाव डोळ्यांसमोर आणा, जिथे प्रत्येक शेतकरी एकरी बरोबर तेवढीच पोती टाकतो, कुणी कमी नाही, कुणी जास्त नाही. आणि समजा, विहिरींमधलं सगळंच्या सगळं नायट्रेट खतातूनच आलेलं आहे. तरी विहिरी एकसारख्या निघणार नाहीत. कुठे मुरमाड जमीन, कुठे काळी, कुठे विहीर उथळ, कुठे खोल. आता विचारा: या विहिरींमधल्या तफावतीत खताच्या प्रमाणाचा वाटा किती? शून्य. कारण खतात फरकच नाही. सगळं नायट्रेट खताचं, आणि तरी खत ‘अकाउंट्स फॉर झीरो पर्सेंट’. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी.

म्हणजे तफावतीचा वाटा हा नुसता खताचा गुणधर्म नाही. तो त्या गावाचा, त्या नमुन्याचा, खत किती कमी-जास्त टाकलं जातं त्याचाही गुणधर्म आहे. गाव बदला, आकडा बदलेल.

उंचीच्या अभ्यासात हे स्पष्ट दिसतं. २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये एक प्रचंड अभ्यास आला. ५४ लाख लोकांचा डेटा आणि उंचीशी जोडलेल्या १२,१११ जागा डीएनएवर. युरोपीय वंशाच्या लोकांमध्ये त्या जागा उंचीतल्या सुमारे ४० टक्के तफावतीला ‘अकाउंट फॉर’ करतात, इतर वंशांच्या लोकांमध्ये १० ते २० टक्क्यांच्या आसपास. शोध मुख्यतः युरोपीय वंशाच्या डेटावर झाला हे त्याचं मोठं कारण. पण वाक्याकडे बघा. “उंचीला ४० टक्के जनुकं जबाबदार” असं कुणी म्हटलं, तर साडेपाच फूट माणसाचे सव्वादोन फूट जनुकांचे, असं म्हणायचंय का? अर्थात नाही. आणि मग दुसऱ्या वंशात तेच जबाबदार अचानक निम्म्याहून कमी जबाबदार कसे झाले? ‘जबाबदार’ हा शब्दच इथे बसत नाही.

रिचर्ड लेवॉन्टिन या जनुकशास्त्रज्ञानं १९७४ मध्ये नेमक्या याच गोंधळावर लिहिलं होतं: व्हेरिअन्सचं विश्लेषण म्हणजे कारणांचं विश्लेषण नव्हे. त्याला आता पन्नास वर्षं झाली. तरी मी अहवालात तेच केलं, आणि तुमच्या हातातल्या पुढच्या पाच पेपरांपैकी एखाद्यात तरी तेच सापडण्याची शक्यता आहे.

काकांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, म्हणजे खत निम्मं केलं तर काय होईल, हे आर-स्क्वेअरमध्ये नसतंच. त्यासाठी आधी उतार बघावा लागतो: एक पोतं कमी-जास्त झालं की नायट्रेट किती मिलिग्रॅमनं खाली-वर होतं. आणि तोही उतार कारणाचा आहे की नुसत्या सोबतीचा, ते वेगळं सिद्ध करावं लागतं. शिवाय भूजलात उशीर असतो. आज विहिरीत दिसणारं नायट्रेट काही वर्षांपूर्वीच्या खताचंही असू शकतं.

‘जमेस धरलं’ म्हणजे प्रश्न मिटला?

चौथा अर्थ सगळ्यात सभ्य दिसतो, म्हणून त्याच्याकडे संशयानं बघायला शिका. ‘आफ्टर अकाउंटिंग फॉर’ वाचलं की आपल्याला वाटतं, चला, लेखकांनी काळजी घेतली.

प्रसिद्ध उदाहरण बर्कलीचं. १९७३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीत पदव्युत्तर प्रवेशात अर्ज करणाऱ्या पुरुषांपैकी सुमारे ४४ टक्के निवडले गेले, स्त्रियांपैकी सुमारे ३५ टक्के. उघड भेदभाव वाटतो. १९७५ मध्ये ‘सायन्स’मध्ये बिकेल आणि सहकाऱ्यांनी विभागवार आकडे तपासले. विभाग जमेस धरल्यावर चित्र उलटलं, स्त्रियांच्या बाजूनं थोडासा कल दिसला. कारण जिथे प्रवेश मिळणं मुळातच अवघड, त्या विभागांकडे स्त्रियांचे अर्ज जास्त होते.

आपल्याकडे हे उदाहरण सिम्पसनचा विरोधाभास म्हणून शिकवतात आणि तिथे थांबतात. पण विभाग ‘जमेस धरला’ म्हणजे त्याचा उलगडा झाला का? स्त्रियांचे अर्ज त्याच विभागांत का जात होते, हा प्रश्न तसाच राहतो, फक्त प्रवेश समितीच्या दारातून उठून तो आधीच्या शिक्षणाच्या, घरच्या, समाजाच्या दारात जातो. चौथ्या अर्थाचं काम फरक बाजूला ठेवण्याचं आहे. बाजूला ठेवलेली गोष्ट स्पष्ट झाली असं वाटू लागणं, हा त्या क्रियापदाच्या पहिल्या अर्थाचा परिणाम.

मग हे क्रियापद बंद करायचं का?

माझ्या गाईड मॅडमना मी हे सगळं सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं, विषयातल्या माणसाला कळतं गं काय म्हणायचंय ते.” हा मुद्दा खरा आहे. संख्याशास्त्राच्या पेपरात ‘व्हेरिअन्स’ शेजारी असताना जाणकार वाचक फसत नाही. शिवाय ‘एक्स्प्लेन’ लिहिण्यापेक्षा ‘अकाउंट फॉर’ थोडं सौम्य आहे, असंही काही जण म्हणतात.

माझं म्हणणं असं, की वाक्य विषयातल्या माणसापाशी थांबत नाही. ते अॅबस्ट्रॅक्टमध्ये जातं, तिथून प्रेस नोटमध्ये, तिथून बातमीत, तिथून एखाद्या विहिरीच्या काठावर. प्रत्येक टप्प्यावर एकेक शब्द गळतो. आधी ‘तफावत’, मग ‘या नमुन्यात’, मग ‘साधारण’. शेवटी उरतं ते क्रियापद आणि टक्का. आणि उरलेल्या क्रियापदात ‘कारण’ हा अर्थ आधीपासून बसलेला असेल, तर ऐकणारा तोच उचलणार. दोष ऐकणाऱ्याचा नाही.

म्हणून मी आता एक सवय लावून घेतली आहे. इंग्रजीत हे क्रियापद लिहिलं, की ते वाक्य एकदा मराठीत सांगून बघते. मराठी आपल्याला निवड करायला लावते:

- यंत्रणा दाखवली असेल तर: ‘याचा उलगडा होतो’, ‘याचा हिशेब लागतो’.
- नुसता भाग असेल तर: ‘इतका वाटा आहे’.
- तफावतीचा भाग असेल तर: ‘या नमुन्यातल्या इतक्या तफावतीशी जोडलेलं आहे’. जरा लांब आहे, पण खरं आहे.
- समायोजन केलं असेल तर: ‘अमुक जमेस धरून’.
- ‘जबाबदार’ आणि ‘कारणीभूत’ हे दोन शब्द प्रयोगानं किंवा भक्कम पुराव्यानं कारण सिद्ध केलं असेल तरच.

चारपैकी कुठलं वाक्य बसतंय हे ठरवता येत नसेल, तर अडचण भाषेची नसते. आपल्याला आपला निष्कर्षच अजून कळलेला नसतो.

वापराबद्दल थोडक्यात, कारण पेट आणि नेट देणारे मला हे विचारतात. ‘अकाउंट’ आणि ‘फॉर’ यांच्यामध्ये कर्म घुसवायचं नाही. ‘अकाउंट्स ट्वेंटी पर्सेंट’ चूक, ‘फॉर’ हवाच. ‘अकाउंट्स टू ट्वेंटी पर्सेंट’ हेही चूक, ती ‘अमाउंट्स टू’शी झालेली सरमिसळ आहे. वाटा सांगताना ‘इज अकाउंटिंग फॉर’ असं चालू काळात लिहायची आपल्याकडे सवय आहे, तिथे साधा वर्तमानकाळ पुरतो. आणि ‘ऑन अकाउंट ऑफ’ म्हणजे ‘मुळे’, ‘टेक इंटू अकाउंट’ म्हणजे ‘विचारात घेणे’. ही भावंडं आहेत, पण एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

परत विहिरीवर

पावसाळ्यानंतरच्या नमुन्यांसाठी गेले, तेव्हा काकांना मुद्दाम भेटले. म्हणाले, “काका, मागच्या वेळी मी चुकीचं सांगितलं. पंधरा टक्क्यांचा हिशेब तसा लागत नाही.”

“मग किती उतरंल?”

“ते मी मोजलेलंच नाही. मी फक्त एका विहिरीची दुसरीशी तुलना केलीय. खत कमी केल्यावर त्याच विहिरीत काय होतं, हे बघायला काही जणांनी खरंच कमी करून, दोन-तीन वर्षं पाणी तपासावं लागेल.”

काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “हे आधीच सांगायचं ना, ताई.”

अहवालातलं वाक्य मी बदललं आहे. आता ते पूर्वीपेक्षा लांब आहे आणि पूर्वीपेक्षा कमी दावा करतं. आणि प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात ‘पुढील संशोधन’ या मथळ्याखाली एक ओळ वाढली आहे. ती काकांच्या दुसऱ्या प्रश्नाची आहे.